डेटाबेस ‘नाही’ म्हणतो तेव्हा

वसईतल्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयानं सभासद नोंदणीसाठी छोटंसं सॉफ्टवेअर करून घेतलं आहे, असं समजू. स्क्रीनवर एक फॉर्म आहे. त्यात नाव, मोबाइल, ईमेल, जन्मतारीख आणि शाखा भरायची, खाली ‘जतन करा’ हे बटण. ग्रंथपाल बाई माहिती भरतात, बटण दाबतात आणि लाल अक्षरांत उत्तर येतं: ‘काहीतरी चुकलं आहे, पुन्हा प्रयत्न करा.’ त्या पुन्हा प्रयत्न करतात. पुन्हा तेच. समोरचा नवा सभासद घड्याळाकडे बघू लागतो. शेवटी बाई वही काढतात आणि नाव तिच्यात लिहून ठेवतात.

या प्रसंगातली खरी हळहळ वाटण्यासारखी गोष्ट अशी, की डेटाबेसनं नेमकं काय बिघडलं ते सांगितलेलं असतं. कोणत्या टेबलात, कोणत्या कॉलमात, कोणत्या नियमापाशी गाडी अडली हे त्यानं एका वाक्यात कळवलेलं असतं, सोबत एक क्रमांकही दिलेला असतो. ते वाक्य मधल्या कोडनं गिळून टाकलं आणि त्याच्या जागी ‘काहीतरी चुकलं’ ठेवून दिलं. नवी नोंद घालण्याच्या आज्ञेला एसक्यूएल भाषेत इन्सर्ट म्हणतात. इन्सर्ट फसण्याची कारणं शोधताना होणारी निम्मी दमछाक डेटाबेस बोलत नाही म्हणून होत नाही, त्याचं बोलणं शेवटपर्यंत कुणी ऐकत नाही म्हणून होते.

आधी हे बोलणं कुठे सापडतं ते पाहू. जावामध्ये हायबरनेट किंवा डॉटनेटमध्ये एंटिटी फ्रेमवर्क वापरत असाल तर मूळ एरर दोन-तीन वेष्टनांच्या आत असतो. वरच्या वेष्टनावर ‘कुड नॉट एक्झिक्यूट स्टेटमेंट’ असलं काहीतरी मोघम लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण तेवढंच वाचून इंटरनेटवर शोधायला जातात. खाली खाली जात राहा. जावात शेवटचं ‘कॉज्ड बाय’, डॉटनेटमध्ये सगळ्यात आतलं ‘इनर एक्सेप्शन’. डेटाबेसचे स्वतःचे शब्द तिथे असतात. पोस्टग्रेसमध्ये उलट्या बाजूचा एक चकवा आहे. तिथे एका व्यवहारातली, म्हणजे ट्रान्झॅक्शनमधली, एक आज्ञा फसली की पुढच्या प्रत्येक आज्ञेला ‘करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड’ एवढंच उत्तर मिळतं. लॉगमध्ये असे चाळीस एरर दिसतील आणि चाळीसही निरुपयोगी असतील. कामाचा एरर त्या रांगेच्या आधीचा, पहिला.

मूळ वाक्य हाती आलं की त्यातला क्रमांक बघायचा. एसक्यूएलच्या प्रमाणित नियमावलीत पाच अक्षरांचा एक संकेतांक ठरवलेला आहे, त्याला एसक्यूएलस्टेट म्हणतात. त्याची पहिली दोन अक्षरं चुकीची जात सांगतात. २३ नं सुरुवात झाली तर माहितीच्या अखंडतेचा नियम मोडला आहे. २२ असेल तर दिलेलं मूल्य त्या कॉलमात मावत नाही किंवा बसत नाही. ४२ असेल तर आज्ञेची भाषा चुकली आहे, कॉलमाचं किंवा टेबलाचं नाव चुकलं आहे, नाहीतर परवानगी नाही. ४० असेल तर दोन व्यवहार एकमेकांत अडकले आणि डेटाबेसनं त्यातला एक मागे घेतला. मायएसक्यूएल याशिवाय स्वतःचे क्रमांक देतं. ओरॅकलचेही स्वतःचे क्रमांक आहेत आणि त्या यादीतला अगदी पहिला, ओआरए-००००१, हा ‘युनिक नियम मोडला’ याच तक्रारीसाठी आहे.

ही जात कळणं फार उपयोगी पडतं, कारण पुढे काय करायचं ते तिच्यावरच ठरतं. ४० च्या जातीतला एरर आला तर तोच व्यवहार पहिल्यापासून पुन्हा करून पाहणं हा योग्य उपाय आहे. २३ किंवा २२ आला तर पुन्हा प्रयत्न करून सहसा काहीही साधत नाही. तीच माहिती दहा वेळा पाठवली तर दहा वेळा नकार येईल. आपल्या वाचनालयाच्या पडद्यावरचं ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे वाक्य म्हणूनच नुसतं मोघम नाही, चुकीचं आहे.

आता आपल्या फॉर्मकडे येऊ. नाव, मोबाइल, ईमेल, तारीख, शाखा या पाच चौकटींत इन्सर्ट फसण्याचे बहुतेक सगळे प्रकार सापडतात.

नावापासून सुरुवात करू. वसई, मुंबई, गोवा या पट्ट्यात डिसोझा, डिमेलो, डिसिल्वा ही आडनावं घरोघरी आहेत. रोमन लिपीत लिहिताना बरेच जण त्यात डी नंतर अवतरणासारखी एकेरी खूण देतात. एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे दाखवायला नेमकी तीच खूण वापरतात. कोड लिहिणाऱ्यानं आज्ञेचे तुकडे आणि फॉर्ममधलं नाव एकमेकांना जोडून वाक्य तयार केलं असेल, तर डेटाबेसच्या लेखी नाव ‘डी’ पाशीच संपतं आणि पुढचं ‘सोझा’ ही त्याला न कळणारी आज्ञा ठरते. मायएसक्यूएल अशा वेळी १०६४ क्रमांकाचा एरर देतं आणि ‘नियर’ या शब्दापुढे जिथे त्याचं वाचन अडखळलं तो तुकडा छापतं. तिथे ‘सोझा’ दिसलं की निदान झालं. जोशी, पाटील, वर्तक यांची नोंदणी बिनबोभाट होते, म्हणून चाचणीत हे सापडत नाही.

काही जण यावर ती खूण काढून टाकतात किंवा तिच्या जागी दोन खुणा घालतात. माझ्या मते हे दोन्ही उपाय टाकाऊ आहेत. माणसाचं आडनाव तो लिहितो तसंच जतन झालं पाहिजे. आज्ञा वेगळी आणि मूल्य वेगळं पाठवायचं, याला पॅरामीटराइज्ड क्वेरी म्हणतात, आणि प्रत्येक भाषेत, प्रत्येक डेटाबेससाठी ती सोय आहे. मुद्दा फक्त डिसोझांच्या सोयीचाही नाही. ज्या फटीतून एका आडनावातली खूण आज्ञेत घुसते, त्याच फटीतून कुणीतरी अख्खी आज्ञा घुसवू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन या नावानं आज ओळखला जाणारा हा हल्ला जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात वर्णन केला होता. तेव्हापासून इतकी वर्षं गेली, तरी तुकडे जोडून तयार केलेल्या क्वेऱ्या अजून लिहिल्या जातात. १०६४ चा हा एरर दिसला तर तो सुरक्षेचा इशारा समजूनच दुरुस्त करावा.

नाव मराठीत लिहिलं की वेगळाच खेळ सुरू होतो. यावर जरा थांबायला हवं, कारण बहुतेक इंग्रजी पुस्तकांत हे प्रश्न एका परिच्छेदात उरकलेले असतात आणि आपल्याला ते रोज भेटतात.

‘लक्ष्मण’ हे नाव घ्या. आपल्या डोळ्यांना त्यात तीन अक्षरं दिसतात: ल, क्ष्म, ण. युनिकोडच्या हिशेबात मात्र ती सात चिन्हं आहेत: ल, क, हलन्त, ष, पुन्हा हलन्त, म, ण. यूटीएफ-८ या पद्धतीत साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे लक्ष्मण झाला एकवीस बाइटचा. आता समजा कॉलम वीस लांबीचा आहे. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस ही लांबी चिन्हांत मोजतात. तिथे सात चिन्हं आरामात बसतात. ओरॅकलमध्ये मात्र मूळ सेटिंगनुसार लांबी बाइटमध्ये मोजली जाते. तिथे ओआरए-१२८९९ हा एरर येतो आणि त्याच्या शेवटी कंसात लिहिलेलं असतं: प्रत्यक्ष २१, कमाल २०. तीन अक्षरी नाव वीसच्या कॉलमात मावत नाही म्हटल्यावर प्रोग्रामर चक्रावतो, टेबल पुन्हा तपासतो, डेटाबेसच बिघडला असं ठरवतो. खरं तर त्या २१ या आकड्यात सगळं उत्तर आहे. तीननं भाग जातो म्हणजे देवनागरीचे बाइट मोजले जात आहेत, हे लगेच ओळखू यावं. कॉलम घडवताना लांबीच्या आकड्यापुढे ‘कॅर’ असं लिहिलं की ओरॅकलही चिन्हांत मोजू लागतं.

मायएसक्यूएलची गोष्ट आणखी निराळी. तिथे ‘यूटीएफ८’ नावाचा जो जुना संच आहे, तो एका चिन्हासाठी जास्तीत जास्त तीनच बाइट देतो. देवनागरीला तीनच लागतात, त्यामुळे मराठी मजकूर त्यात वर्षानुवर्षं सुखानं राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. मग एक दिवस कुणी सभासद अभिप्रायाच्या चौकटीत हसरा चेहरा टाकतो. इमोजीला चार बाइट लागतात. १३६६ क्रमांकाचा एरर येतो, ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’, आणि पुढे सोळा अंकी पद्धतीतले बाइट छापलेले असतात. ते वाचायला शिकणं अवघड नाही. सुरुवात ‘एफ० ९एफ’ अशी असेल तर बहुधा इमोजी आहे. ‘ई० ए४’ किंवा ‘ई० ए५’ असेल तर देवनागरी, आणि मग कॉलमाचा संच लॅटिन-१ सारखा, देवनागरी न कळणारा आहे. दोन्हींवर उपाय एकच: ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच. मायएसक्यूएलच्या ५.५.३ पासून तो उपलब्ध आहे आणि २०१८ साली आलेल्या ८.० मध्ये तो मूळ संच झाला. टेबल बदलल्यावर कोडचं डेटाबेसशी असलेलं कनेक्शनही त्याच संचात आहे ना, हे बघायला विसरू नका. अर्धी माणसं टेबल दुरुस्त करतात आणि कनेक्शन तसंच ठेवतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर एररही येत नाही. तिथे मराठी मजकूर एनव्हारकॅर कॉलमात ठेवायचा आणि आज्ञेत थेट लिहिला असेल तर त्याच्या अवतरणाआधी ‘एन’ लावायचा, असा नेम आहे. ‘एन’ राहून गेला तर बहुतेक ठिकाणी इन्सर्ट यशस्वी होतो आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची ओळ जाऊन बसते. ती प्रश्नचिन्हं पुन्हा ‘लक्ष्मण’ होत नाहीत. मूळ माहिती गेली ती गेली.

या सगळ्या विषयातला माझा सर्वांत ठाम मुद्दा इथून सुरू होतो. नकार मिळाला तर माहिती तुमच्याकडे शाबूत असते. फॉर्म अजून उघडा असतो, माणूस समोर असतो. निमूट होकार मिळाला आणि आत भलतंच गेलं, तर ते कळेपर्यंत महिने जातात. म्हणून नकार बंद करणारी कोणतीही युक्ती संशयानंच पाहावी.

मोबाइल नंबरचं उदाहरण यासाठी उत्तम आहे. नंबर म्हणजे संख्याच, असं म्हणून कुणीतरी त्या कॉलमाचा प्रकार ‘इंट’ ठेवतो. इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतात, म्हणजे त्यातला एकही इंटमध्ये मावत नाही. उणे संख्या वगळून मर्यादा दुप्पट केली तरी मावत नाही. आजचं मायएसक्यूएल यावर सरळ नकार देतं. पण २०१५ मध्ये आलेल्या ५.७ आवृत्तीपर्यंत काटेकोरपणाचं सेटिंग मुळात बंद असे. तेव्हा ते एक हळूच इशारा देऊन, मावेल तेवढी सर्वांत मोठी संख्या ठेवून देई. जुन्या डेटाबेसांत आजही शेकडो माणसांचा मोबाइल २१४७४८३६४७ असा एकच दिसतो, तो यामुळे.

आता या कॉलमावर कुणी शहाण्यानं ‘युनिक’ हा नियमही लावलेला आहे असं समजा. पहिल्या सभासदाची नोंद होते. दुसऱ्याच्या वेळी १०६२ हा एरर येतो: ‘डुप्लिकेट एंट्री’, आणि पुढे तोच २१४७४८३६४७. ग्रंथपाल बाई शपथेवर सांगतात, की हा नंबर कुणाचाच नाही, आम्ही असा नंबर टाकलाच नाही. त्या खरं बोलत असतात. डेटाबेसही खरं बोलत असतो. एररमध्ये छापलेलं मूल्य आणि फॉर्ममध्ये भरलेलं मूल्य शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की कोडं सुटतं. इन्सर्टच्या कुठल्याही तक्रारीत ही तुलना सर्वांत आधी करावी. मोबाइल नंबरची कुणी बेरीज करत नाही; तो मजकूर म्हणूनच ठेवावा, म्हणजे देशाच्या संकेतांकाआधीची अधिक खूणही टिकते.

ईमेलच्या चौकटीत दुसरा सापळा आहे. वाचनालयाच्या अनेक ज्येष्ठ सभासदांना ईमेल नसतो. चौकट रिकामी सोडली की फॉर्म ‘काहीच नाही’ असं पाठवत नाही, रिकामा मजकूर पाठवतो. डेटाबेसच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या गोष्टी. ‘नल’ म्हणजे मूल्य माहीत नाही. रिकामा मजकूर हे मात्र एक मूल्य आहे आणि युनिकच्या नियमात ते एकदाच चालतं. त्यामुळे ईमेल नसलेले पहिले आजोबा नोंदले जातात, दुसऱ्या आजोबांना डुप्लिकेट म्हणून परत पाठवलं जातं. एररमध्ये दोन अवतरणांच्या मध्ये काहीच नसलेलं दिसेल. ते ‘काहीच नाही’ हाच पुरावा आहे. कोडमध्ये रिकाम्या मजकुराचं नलमध्ये रूपांतर केलं की पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये प्रश्न मिटतो, कारण तिथे युनिक कॉलमात कितीही नल चालतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच चालतो. ओरॅकल रिकाम्या मजकुरालाच नल मानतं. एकच कोड दोन डेटाबेसांवर चालवणाऱ्यांनी ही तफावत लक्षात ठेवावी.

तारखेबद्दल थोडक्यात. आपण ‘०५-०६-२०२४’ लिहितो तेव्हा आपल्याला ५ जून अभिप्रेत असतो. पोस्टग्रेसचं सेटिंग अमेरिकी क्रमाचं असेल तर ते ६ मे वाचतं आणि बिनतक्रार जतन करतं. ‘२५-०६-२०२४’ आली की पंचविसावा महिना नाही म्हणून नकार येतो. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंत प्रोग्राम ‘चालतो’ आणि १३ पासून फसतो. एरर दिसला म्हणून त्या दिवसापासून दुरुस्ती करून भागणार नाही. आधीच्या बारा-बारा दिवसांच्या तारखाही तपासाव्या लागतील. तारीख पाठवताना वर्ष, महिना, दिवस हाच क्रम ठेवावा, किंवा त्याहून बरं, भाषेतला तारखेचा प्रकार थेट पॅरामीटर म्हणून द्यावा.

उरली शाखा. सभासदाच्या नोंदीत शाखेचा क्रमांक असतो आणि तो शाखांच्या टेबलात अस्तित्वात असलाच पाहिजे, असा ‘फॉरेन की’चा नियम असतो. मायएसक्यूएलमध्ये १४५२, पोस्टग्रेसमध्ये २३५०३, ओरॅकलमध्ये ओआरए-०२२९१: तिन्हींचा अर्थ, ज्या नोंदीकडे बोट दाखवता आहात ती नाही. कधी ती खरंच नसते, चाचणीच्या डेटाबेसात भरलेली शाखा खऱ्या डेटाबेसात भरायची राहिलेली असते. कधी क्रम चुकतो, आधी सभासद आणि मग शाखा. आणि कधी ती दुसऱ्या व्यवहारात घातलेली असते पण अजून पक्की झालेली नसते. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना इथे एक गोष्ट माहीत हवी: त्यात फॉरेन कीची तपासणी सहसा मुळात बंद असते, ‘प्रॅग्मा फॉरेन कीज’ ही आज्ञा देऊन प्रत्येक कनेक्शनला ती सुरू करावी लागते. नियम लिहिला आहे म्हणजे तो पाळला जातो आहे, असं गृहीत धरू नये.

काही एरर माहितीशी संबंधित नसतात. डिस्क भरली, वापरकर्त्याला इन्सर्टची परवानगी नाही, कनेक्शन फक्त वाचनासाठी असलेल्या प्रतीकडे गेलं. हे संदेश स्पष्ट असतात आणि उपायही सरळ. आवृत्ती बदलल्यावर येणारा एक प्रकार मात्र सांगण्यासारखा आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रँक’ हा राखीव शब्द झाला. गुणवत्ता यादीच्या टेबलात ‘रँक’ नावाचा कॉलम ठेवणाऱ्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं कोड एका अपग्रेडनं १०६४ देऊ लागलं. कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नसताना भाषेची चूक निघते ती अशी.

पोस्टग्रेसमध्ये क्रमांकांचाही असाच एक चकवणारा प्रकार होतो. जुन्या वहीतले सात-आठ सभासद त्यांच्या क्रमांकांसह कुणी हातानं टेबलात भरले. पुढचा क्रमांक देणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे सिक्वेन्सला, याचा पत्ताच नसतो. ती आधी वापरलेले क्रमांक पुन्हा वाटू लागते आणि प्रायमरी कीवर डुप्लिकेटचा एरर येतो. गंमत अशी, की इन्सर्ट फसला तरी सिक्वेन्सनं दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही. म्हणून ग्रंथपाल बाईंनी सात-आठ वेळा बटण दाबलं की आठव्या-नवव्या वेळी नोंद होते. ‘आपोआप बरं झालं’ असं टिपण लिहून प्रश्न बंद केला जातो आणि पुढच्या वेळी हातानं नोंदी भरल्या की तो परत येतो. ‘सेटव्हॅल’नं सिक्वेन्स टेबलातल्या सर्वांत मोठ्या क्रमांकावर आणणं हाच याचा इलाज.

क्रमांक संपूनही जातात. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी बेसकॅम्प ३ ही लोकप्रिय सेवा जवळपास पाच तास फक्त वाचण्यापुरती उरली. एका टेबलातल्या नोंदींच्या क्रमांकानं २,१४,७४,८३,६४७ ही इंटची मर्यादा गाठली आणि पुढचा प्रत्येक इन्सर्ट नाकारला गेला. रूबी ऑन रेल्स ही चौकट ज्या कंपनीत जन्मली, तीच ही कंपनी. आणि रेल्सनं २०१७ मध्ये ५.१ आवृत्तीपासून नव्या टेबलांसाठी मोठा ‘बिगइंट’ मूळ प्रकार केलेला होता. जुनं टेबल तेवढं जुन्या मापाचं राहून गेलं.

आता सर्वांत बुचकळ्यात टाकणारी तक्रार: एरर नाही, पण नोंदही नाही. पायथॉनमध्ये नवशिक्यांना ही हमखास भेटते. पायथॉनच्या डेटाबेसविषयक प्रमाणात आपोआप पक्कं करण्याची सोय सुरुवातीला बंद ठेवायची असा दंडक आहे. इन्सर्ट केल्यावर ‘कमिट’ म्हणायला विसरलात, की प्रोग्राम संपताना सगळं पुसलं जातं. जावाच्या जेडीबीसीत उलट, प्रत्येक आज्ञा आपोआप पक्की होते. कमिट राहिलेल्या प्रोग्राममध्येच नोंद शोधली तर ती दिसते, कारण स्वतःच्या व्यवहारातले बदल स्वतःला दिसतात. दुसऱ्या खिडकीतून पाहिलं तर टेबल रिकामं. ही दोन खिडक्यांची चाचणी एका मिनिटात निकाल देते. त्यातही काही सापडलं नाही, तर तुम्ही बघताय तो डेटाबेस आणि प्रोग्राम लिहितो तो डेटाबेस एकच आहे का, ते तपासा. एसक्यूलाइटमध्ये फाइलचा पत्ता अर्धवट दिला, तर प्रोग्राम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे नवी, कोरी फाइल तयार होते.

पीएचपीत वर्षानुवर्षं असंच होत आलं. मायएसक्यूएलआयमध्ये क्वेरी फसली तर ती नुसतं ‘फॉल्स’ परत करी आणि ते कुणी तपासलं नाही तर प्रोग्राम पुढे जाई. पीएचपी ८.० मध्ये पीडीओनं आणि ८.१ मध्ये मायएसक्यूएलआयनं हे बदललं. आता फसलेली क्वेरी मुळातच एक्सेप्शन फेकते. मला हा त्या भाषेतल्या अलीकडच्या सर्वांत चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो. मायक्रोसॉफ्टनंही एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये असंच एक चांगलं काम केलं. त्याआधी मजकूर लांब झाला तर ‘स्ट्रिंग ऑर बायनरी डेटा वुड बी ट्रंकेटेड’ एवढंच कळे. पन्नास कॉलमांपैकी कोणता, ते शोधत बसावं लागे. आता टेबल, कॉलम आणि मूल्य तिन्ही सांगितलं जातं.

या उलट दिशेची एक सवय मात्र पसरली आहे. मायएसक्यूएलमध्ये ‘इन्सर्ट इग्नोर’ लिहिलं की डुप्लिकेटचा त्रास थांबतो, म्हणून ते सर्रास वापरतात. पण ते फक्त डुप्लिकेटकडे काणाडोळा करत नाही. लांब मजकूर कापून टाकला जातो, नल चालत नाही तिथे शून्य किंवा रिकामा मजकूर बसतो, शाखा सापडली नाही तर नोंद गुपचूप वगळली जाते. डुप्लिकेटचीच सोय हवी असेल तर ‘ऑन डुप्लिकेट की अपडेट’ आहे, पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून ‘ऑन कॉन्फ्लिक्ट’ आहे. तिथे डुप्लिकेट सापडलं तर काय करायचं ते स्पष्ट लिहावं लागतं. ‘आधी शोधू, नसेल तर घालू’ असं दोन पायऱ्यांत करणं सुरक्षित नाही. शोधणं आणि घालणं यांच्यामध्ये दुसऱ्या शाखेतला कारकून तीच नोंद घालून मोकळा होतो.

मग नियम डेटाबेसात कशाला, आम्ही कोडमध्येच सगळं तपासतो, असं म्हणणारे भेटतात. रिलेशनल डेटाबेसची कल्पना १९७० मध्ये मांडणारे आयबीएमचे एडगर कॉड यांनी १९८५ मध्ये ‘कॉम्प्युटरवर्ल्ड’मध्ये अशा डेटाबेसाचे बारा नियम लिहिले. त्यातला दहावा नेमका यावर आहे: अखंडतेचे नियम डेटाबेसाच्या सूचीत असले पाहिजेत, प्रोग्राममध्ये नव्हे. कॉड यांचं म्हणणं मला आजही पूर्ण पटतं. वाचनालयाच्या त्या टेबलात आज वेब फॉर्म लिहितो, उद्या मोबाइल ॲप लिहील, परवा कुणी एक्सेलमधून हजार नावं ओतेल. प्रत्येक वाटेवर तीच तपासणी लिहिलेली असेल याची हमी कोण देणार? आणि नियम लिहिताना त्याला नाव द्या. ओरॅकलला नाव दिलं नाही तर ते ‘एसवायएस_सी’ आणि पुढे आकडे असं काहीतरी स्वतःच ठेवतं. एररमध्ये तेच छापून येतं आणि कुणालाच काही कळत नाही. ‘सभासद_मोबाइल_युनिक’ अशा अर्थाचं नाव असेल, तर कोडला ते नाव ओळखून ग्रंथपाल बाईंना सांगता येतं: ‘हा मोबाइल नंबर आधीच एका सभासदाच्या नावावर आहे.’

तुमच्या हाताखाली असं एखादं सॉफ्टवेअर असेल, तर आज एक काम करा. इन्सर्टभोवतीचे सगळे ‘कॅच’ शोधा आणि त्यातल्या ज्यांत एरर नुसता गिळला जातो, तिथे संकेतांक, नियमाचं नाव आणि डेटाबेसचं पूर्ण वाक्य लॉगमध्ये जाईल अशी ओळ घाला. पासवर्ड आणि आधार क्रमांक तेवढे लॉगमध्ये जाऊ देऊ नका.